जनरेटरवरचा हार
सुकलेल्या झेंडूचा वास आला की बोईसरच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. लाईट गेली, रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारा पंप थांबला आणि आतलं रसायन तापू लागलं. अशा वेळेसाठीच जनरेटर होता; दर शनिवारी तो चालवून बघायचा, असं मीच लिहून भिंतीवर लावलं होतं. जवळच्या कुंभवली गावातल्या ऑपरेटरने बटण दाबलं, नुसतं टक् झालं. दसऱ्याचा हार अजून त्यावर तसाच होता. "साहेब, बॅटरी उतरली हाय. हार तुटंल म्हणून तीन शनिवार कोनी चालूच नाय केला," तो म्हणाला. मीही विचारलं नव्हतं. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, तेव्हा कुठे फाटकावरच्या ट्रकची बॅटरी जोडून जनरेटर धडधडला. आता दसऱ्याला मी आधी तो चालवून बघतो. हात जोडतानाही नजर मात्र काट्यावरच असते.