करवली आणि इटालियन गाडी

ती दुपार विसरावी असं फार वाटतं, पण जमत नाही. मे महिना होता. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं पोलीस ठाणं. जेवण उरकून मी नुकताच खुर्चीत टेकलो होतो, तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक ड्रायव्हर घामाघूम होऊन ठाणे अंमलदारासमोर उभा राहिला. "साहेब, गाडी चोरीला गेली," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गाडी साधी नव्हती. आमच्या भागात ज्यांच्या जमिनी बंदरात आणि विमानतळात गेल्या, त्यांच्या लग्नांचा थाट काही विचारू नका. नवरदेवाला मिरवायला मुंबईहून महागडी गाडी भाड्याने येते. ही इटालियन स्पोर्ट्स कार होती, लांब पल्ल्याचा प्रवास वेगात आणि आरामात करण्यासाठी बनवलेली. पांढरी, दोनच दरवाजे, लांबलचक नाक, आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. ड्रायव्हरचं म्हणणं असं: नवरदेवाला हॉलपाशी उतरवलं, एसी चालू राहावा म्हणून चावी आतच ठेवली, चार घास खायला गेलो, आणि कोणीतरी गाडी गोवा हायवेच्या दिशेने पळवली.

मी कर्नाळ्याच्या बाजूला नाकाबंदी लावायला वायरलेसवरून कळवलं आणि गाडीच्या मालकाला फोन केला. गडी रडकुंडीला आला होता, तरी गाडीचं कौतुक थांबेना. बारा सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखं. तोंडातला घोट गिळेपर्यंत शंभरचा वेग. "साहेब, हायवेला लागली तर तुमच्या जीपला ती दिसणारसुद्धा नाही," तो म्हणाला. ट्रॅकर आहे का विचारलं तर तो बंद पडलेला. मी कपाळाला हात लावला.

ड्रायव्हरला हवालदाराजवळ बसवून मी हॉलवर गेलो. तिथे प्रत्येकाकडे गाडीचा फोटो होता, गाडी जाताना मात्र कोणी पाहिलेली नव्हती. मी जबाब घेत असतानाच नवरदेवाची बहीण गर्दीतून वाट काढत आली. शालू सावरायचंही भान नव्हतं.

"साहेब, माजी पोर दिसत नाय. करवली हाय ती. कुठंच नाय."

पोर चार वर्षांची. मामाच्या मागे कऱ्हा धरून बसायचा मान तिचा. इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं: कऱ्हा म्हणजे पाण्याने भरलेला, नारळ ठेवलेला लहान कलश. वरातीत तो करवलीच्या हातात असतो आणि तिच्यासोबतच मांडवात येतो. मी विचारलं, कऱ्हा कुठे आहे? तो बोहल्याशेजारी व्यवस्थित ठेवलेला होता. नवरदेवाची आजी पुढे झाली.

"म्यानंच आणला. नवरा उतराया लागला तवा आदी खिडकीतनं त्यानंच माज्या हातात दिला. पोरीला पेंग आल्ती, म्हटलं सांडंल."

"आणि पोरगी?"

आजी वळून बायकांच्या घोळक्यात शोधू लागली. बायका समजल्या पोरगी पुरुषांकडे, पुरुष समजले बायकांकडे. कऱ्हा मांडवात दिसत होता, त्यामुळे करवली आली असंच सगळे धरून चालले. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोणी शोधलंच नव्हतं तिला.

मी नवरदेवाला बाजूला घेतलं. मुंडावळ्या बांधलेला तो पोरगा सारखा गाडी उभी होती त्या जागेकडे बघत होता. त्या गाडीत मागे दोन सीट असतात, पण नावालाच. मोठ्या माणसाचे गुडघे तिथे मावत नाहीत. मागचा माणूस उतरायचा तर आधी पुढची सीट वाकवावी लागते. सीट कोणी वाकवली होती का? त्याला आठवेना. बँडवाल्यांनी त्याला ओढून थेट नाचात नेलं होतं. पुढच्या सीटच्या उंच पाठींमागे, त्या खळग्यात आडवं झालेलं मूल बाहेरून कोणालाही दिसलं नसतं.

चोराच्या हाती गाडी, आणि गाडीत चार वर्षांची मुलगी. मला भीती वाटली, हे लिहायला मला लाज वाटत नाही. विहीर, पाण्याची टाकी, मांडवामागचा स्वयंपाक, सगळं बघायला माणसं पाठवली आणि मी स्वतः हायवेच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो.

टपरीवाला सकाळपासून तिथेच होता. "वरात आली तेव्हा आवाज ऐकला साहेब, माझे कप हलले. नंतर काही नाही." फाट्यावरच्या कॅमेऱ्यातही गाडी गेलेली दिसली नाही. बारा सिलिंडरची गाडी पळवणारा चोर गपचूप कसा जाईल? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जीप उलटी वळवली, खाडीकडच्या रस्त्याला; हॉलवरून निघायला दुसरी वाट तेवढीच.

त्या रस्त्यावर गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंटचा गतिरोधक घातलाय. न्हावा शेव्याचे ट्रेलर गावातून बेफाम जातात, सरकारी गतिरोधकाला ते जुमानत नाहीत, म्हणून गावाने गुडघ्याला लागेल असा उंचवटा केला. त्याच्या माथ्यावर ताजा पांढरा ओरखडा होता आणि कडेला काळा, हलका, चकचकीत तुकडा पडलेला होता, गाडीच्या नाकाखालचा असावा तसा. शेजारीच एक म्हातारी सुकी मासळी विकत बसली होती.

"गेली ना. आदी धाडकन वाजली, मंग उतरून बगलान त्यानं. आन् मंग हलूहलू गेली, बैलगारीवानी."

"कोण होता?"

"पांढरे कपरे. डोक्याला हात लावून उबा होता."

चोर गाडीला जपत नाही. ओरखड्यासाठी डोक्याला हात लावणारा माणूस एकच असतो, ज्याला त्याचा जाब द्यायचा असतो.

ठाण्यात आलो आणि तो तुकडा टेबलावर ठेवला. ड्रायव्हरने एकदाच पाहिला. "चोराने आपटली असणार साहेब. त्या गाडीचं नाक उचलायला बटण असतं, नवख्याला नाही कळत."

"तू विसरलास का दाबायला?"

"साहेब, मी जेवत होतो. आईशप्पथ."

मोठ्या गुन्ह्यातला आरोपी दमात घेतलं की डगमगतो. नोकरी जाण्याच्या भीतीने खोटं बोलणारा साधा माणूस मात्र हटत नाही. त्याच्या मागे घर उभं असतं. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

"करवली गाडीतून उतरली नाही," मी म्हणालो. "मागच्या सीटवर झोपली होती. ती अजून सापडलेली नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "नाही साहेब. मागे कोणी नव्हतं. मी आरशात..." तो थांबला. मग ताडकन उठला आणि माझा हातच धरला. "साहेब, मी बंद केलंय. पत्र्याच्या शेडमध्ये. कुलूप लावलंय."

ओळखीच्या डेंटिंगवाल्याची ती शेड, खाडीच्या तोंडाशी. डेंटिंगवाला संध्याकाळी येऊन मालकाच्या नकळत तुटलेला भाग जोडून देणार होता. मग गाडी रस्त्यावर कुठेतरी सापडली असती आणि दोष चोराचा ठरला असता.

आम्ही निघालो तर पुढे कंटेनरची रांग, इंच हलेना. ड्रायव्हर मागे बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. मी हवालदाराला जीप उलट्या बाजूने काढायला सांगितलं. पत्रा उन्हात तापला की आत काय होतं, हे मला ठाऊक होतं; रस्ताभर मी फक्त तेवढाच विचार करत होतो.

ड्रायव्हरने उघड्या शेडचं कुलूप नुसतं दाबून लावलं होतं, चावी डेंटिंगवाल्याकडे. हवालदाराने जॅकच्या दांड्याने कुलूप तोडलं. भट्टीची झळ अंगावर आली. मी सीट वाकवून पाहिलं. मुलगी खळग्यात मुटकुळं करून पडली होती, परकर घामाने चिंब, ओठ पांढरे. श्वास चालू होता. दोन्ही काचा बोटभर खाली होत्या. उन्हात आतलं चामडं आक्रसतं म्हणून काच कधीच पूर्ण लावायची नाही, अशी मालकाची सक्त ताकीद होती. डॉक्टर म्हणाले, तेवढ्या फटीनेच ती वाचली. ड्रायव्हर शेडच्या दारात बसून लहान मुलासारखा रडत होता.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सलाईन लावलेली, पण शुद्धीवर होती. उशाशी आई, पायाशी हळद लागलेला मामा. जबाब म्हणून नाही, सहजच विचारलं, "बाळा, जाग आली तेव्हा घाबरलीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग काच का नाही वाजवलीस? ते गोल चाक दिसत होतं ना, त्याच्यावर दाबलं असतं तर हॉर्न वाजला असता. कोणीतरी आलं असतं."

तिने आधी आईकडे पाहिलं, मग मामाकडे. आपण खरं सांगितलं तर रागावतील का, याचा अंदाज घेतल्यासारखं. मग अगदी हळू म्हणाली, "सगल्यांनी सांगितलं व्हतं, गाडीला हात लावायचा नाय."

मामा तोंड फिरवून बाहेर गेला. पोलिसी नोकरीत मी शेकडो जबाब घेतले, आणि कोण कशाला घाबरतं हे ओळखणं म्हणजे निम्मा तपास, असं नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं. ड्रायव्हरची भीती मला ओळखता आली. आत गुदमरत असतानाही एक पोर आम्हा मोठ्यांचा शब्द मोडायला घाबरते, हे मात्र मला त्या खाटेशी उभं राहून कळलं. आता घरात नातवंडं आहेत. ती कशालाही हात लावतात, मी काही बोलत नाही.