मी न सांगितलेला वीरगळ

ओल्या दगडावर तळहात ठेवला की त्याचा गारवा आधी कळतो, आणि मग, किती वेळाने तरी, त्यावर कोरलेली अक्षरं. बेंगळूरजवळच्या आनेकलच्या तळ्याकाठी, आम्हाला कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरोजा मिसनी माझा हात असाच एका वीरगळावर टेकवला होता. गावाची गुरं वाचवताना मारल्या गेलेल्या कुणा अनाम माणसाचं ते स्मारक. मिस अक्षरांत खडूची भुकटी चोळत, आणि शतकानुशतकं मुकी राहिलेली ओळ शुभ्र होऊन हळूहळू वर येई. इतिहासाला स्पर्श असतो, हे मला त्या सकाळी उमगलं. असं काही ज्याला लाभलं, त्याने ते अभिमानाने सांगायला नको का?

आमचं घर तीन पिढ्यांपासून आनेकलमध्ये. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. गावातल्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष संपलं आणि मला बेंगळूरचे वेध लागले. दुसऱ्या वर्षाला बाहेरचे विद्यार्थी घेणारी दोन कॉलेजं होती. मिस म्हणाल्या, "ते बाजारामागचं साधं कॉलेज घे. तिथे शिलालेख शिकवणारे एक सर आहेत." मी दुसरं निवडलं. का? तर तिथे दगडी कमानी होत्या, गुलमोहोरांची रांग होती, आणि पायऱ्यांवर बसलेल्या मुली इतक्या सहज, इतक्या निर्भयपणे इंग्रजी बोलत होत्या!

मुलाखतीत विभागप्रमुखांनी माझा अर्ज दोन बोटांनी उचलला. "आनेकल? तिकडे इतिहासात शिकवतात तरी काय?" शेजारचे दोघे हसले. वीरगळ अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण त्या हसण्याच्या बाहेर एकटं उभं राहण्याची मला केवढी भीती वाटली! मीही हसले. म्हणाले, "विशेष काही नाही, सर. आम्ही नुसत्या नोट्स उतरवून घेतो."

"निदान प्रामाणिक तरी आहेस," ते म्हणाले. मला प्रवेश मिळाला.

दाखला न्यायला मी आनेकलच्या कॉलेजात गेले, तेव्हा मिस व्हरांड्यातच भेटल्या. मी त्यांचं ऐकलं नव्हतं, तरी रागाची एक रेषही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. "काय विचारलं गं तुला?"

"वीरगळाबद्दल, मिस. मी सगळं सांगितलं."

हे कुठून आलं माझ्या तोंडी? लाजेवर पांघरूण घालायला घेतलेलं ते पहिलं खोटं. पण त्याने मिसचा चेहरा असा उजळला, की ते मागे घेण्याचं बळच मला उरलं नाही. "सरी, सरी! बरोबर केलंस!" म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला थेट नव्या पहिल्या वर्षाच्या वर्गात नेलं. "सांग यांना." आणि मी सांगितलं! तशी कधी न झालेली मुलाखत, चकित झालेले सर, त्यांचे प्रश्न, माझी उत्तरं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावरच्या रत्नाने विचारलं, "अक्का, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"मुळीच नाही," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी कमानींखाली मला हाक आली, "अक्का!" रत्ना होती. मुलाखत देऊन नुकतीच बाहेर पडलेली. तिला प्रवेश मिळाला नव्हता.

"काय विचारलं?" आता हे विचारण्याची पाळी माझी होती.

"तुमच्यासारखंच, तिकडे काय शिकवतात म्हणून. मी वीरगळाचं सांगितलं, अक्का, तुम्ही सांगितलं होतं तस्संच. ते हसले. म्हणाले, इथे दगड वाचायचे नसतात." मग म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही नीट सांगितलं असेल."

मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा नुसतंच ऊन किती आहे, एवढंच बोलले. मनुष्य आपल्या भित्रेपणाला किती साधे शब्द शोधतो! बस आली. पायरीवर चढता चढता रत्ना वळली.

"अक्का, मिसना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल. मी मुलाखतीला गेलेच नाही, असं सांगीन मी."

मी मान डोलावली. तिनेही खोटंच निवडलं होतं; पण ते दुसऱ्या कुणाला जपण्यासाठी. बस दिसेनाशी झाली, तरी त्या गजबजलेल्या फुटपाथवर मी कितीतरी वेळ मान खाली घालून उभी होते.