पेज दिली, हाक दिली नाही

व्हायोलिनचा गज तारांवर टेकवायचा, पण ओढायचा नाही. मान वर करून समोर जमलेल्या माणसांवरून नजर फिरवायची आणि विचारायचं, "कोण येवक नाय?"

कोण आलेलं नाही, एवढंच. पण या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मेस्त लादीन सुरू करत नसत.

मालवणच्या किनाऱ्यावर, माडांच्या एका ख्रिस्ती वाडीशेजारच्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी जवळच्याच कट्टा गावचा, घरी देवपूजा आणि एकादशी. मेस्त म्हणजे इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, गाणं शिकवणारा, व्हायोलिन वाजवणारा माणूस. आपल्याकडे भजनी मंडळाचा बुवा असतो ना, तसा. आणि लादीन म्हणजे संध्याकाळी वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, सगळ्यांनी मिळून लॅटिनमध्ये गायची विनवणी. एकाने देवाचं, संतांचं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. शेवटी उकडलेले चणे वाटायचे. हे मला मेस्तांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहू लागल्यावर हळूहळू समजलं.

पोटासाठी मेस्त शिवणकाम करत. पडवीतल्या मशीनवर दिवसभर त्यांचा पाय चाले. पण त्यांनी शिवलेल्या लेंग्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा हटकून आखूड होई. कोणी तक्रार केली, तर ते गिऱ्हाइकाला भिंतीला टेकून उभं करत, खालपासून वरपर्यंत न्याहाळत आणि गंभीरपणे म्हणत, "लेंगो बरोबर आसा. पाय तुझोच लांब." गिऱ्हाईक हसत हसत तोच लेंगा घालून जाई.

गाण्याच्या बाबतीत मात्र असली सूट नव्हती. "कोण येवक नाय?" म्हटल्यावर कोणीतरी सांगे, पास्कूची गाय सुटली आहे. मग पास्कू गाय बांधून येईपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. कोणी सांगे, अमक्याची म्हातारी पडून आहे. मग दोघं जाऊन म्हातारीला खुर्चीत बसवून आणत, नाहीतर तिच्या दारात कोणाला तरी बसवून येत. चणे थंड व्हायचे, पोरं पेंगायची. एकदा नवे पाद्री वैतागले. ते पुण्याकडचे, बोलणं शुद्ध. म्हणाले, "मेस्त, देव थांबेल हो, पण माझी बस थांबणार नाही."

"फादर," मेस्त नम्रपणे म्हणाले, "बस सकाळी पण आसा."

तुम्हीही अशी हट्टी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, घरी येऊन त्यांची नक्कल करतो. मीही शाळेत मुलांसमोर करत असे.

एका रविवारी दुपारी मेस्त कोणाचा तरी झगा शिवत होते, मी वह्या तपासत होतो. सहज विचारलं, "मेस्त, रोज ते कोण आलं नाही विचारता, ती तुमच्या धर्मातली रीत का?"

मशीनचा पाय थांबला. 

"रीत नाय, मास्तर," ते म्हणाले. "एकदा मी विचारूक नाय."

मग त्यांनी झुजेची गोष्ट सांगितली.

झुजे त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. इगर्जेत मेस्त पहिला आवाज गात, झुजे दुसरा. झुजे पुढे मुंबईला गिरणीत गेला आणि काही वर्षांनी क्षय घेऊन परत आला. बायको आणि तान्ही मुलगी बरोबर. परत आल्यावर पहिल्याच रविवारी तो गायला उभा राहिला आणि मधेच खोकला. खोकला थांबेना. पुढच्या रांगेत लहान मुलं होती, त्यांत मेस्तांची मुलगीही होती. इगर्जेबाहेर आयाबाया कुजबुजल्या. बाप्ये मेस्तांकडे आले. सांगायचं कोणी? तुमचा दोस्त आहे, तुमची जीभ गोड आहे, तुम्हीच सांगा.

"मी गेलंय," मेस्त म्हणाले. "तेका सांगलंय, झुजे, थोडे दिस घरीच रव. बरो झालस काय ये. तेच्या बायलेक सांगलंय, चेडवाक घेवन म्हायेराक जा. मास्तर, तो माझ्याशी भांडूक पण नाय. म्हणालो, 'तू सांगतस म्हणजे बरोबरच आसतला.'"

बायको मुलीला घेऊन गेली. झुजे एकटा राहिला. वाडी काही दुष्ट नव्हती. रोज कोणीतरी पेजेचं भांडं त्याच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवून येई आणि रिकामं भांडं घेऊन जाई. झुजेचं घर खुरसापासून लांब नव्हतं. संध्याकाळी लादीन सुरू झाली, की त्याच्या बंद दाराआडून दुसरा आवाज येई. बारीक, मधेच तुटणारा. मेस्तांना तो ऐकू येई. सगळ्यांनाच येत असणार, पण कोणी त्याबद्दल बोलत नसे.

"मगे एक दिस आवाज येवक नाय," मेस्त म्हणाले. "माका कळला. गज हातात होतो, तेव्हाच कळला. वाटला, दमलो आसात, निजलो आसात. आमी लादीन पुरी केली. चणे खाल्ले. मी वयर आणि एक गाणा वाजवलंय, लोकांनी मागला म्हणान."

दुसऱ्या दिवशी पेज ठेवायला गेलेल्या बाईला आदल्या दिवसाचं भांडं तसंच भरलेलं दिसलं.

मेस्तांनी पुन्हा मशीन सुरू केली. झग्याच्या बाहीवरून शिवण वेडीवाकडी गेली. ती त्यांनी उसवली आणि पुन्हा घातली.

पुढे म्हणाले, "मास्तर, तुमी शनिवारी कट्ट्याक जातास. थंय बाजारात सुकी मासळी विकूक एक बाई बसता. ती झुजेची बायल. बरी आसा काय, तेवढां बघून येवा. माझां नाव घेव नकात."

ती बाई मी लहानपणापासून बघत आलो होतो. आमच्या घरी मासळी नव्हती, म्हणून कधी बोललो नव्हतो, इतकंच. मुलगी शाळेत वरच्या वर्गात आहे, बाई कोणाशी फारशी बोलत नाही, रविवारीही इगर्जेत न जाता दुकान लावते, असं मी येऊन सांगितलं. शेवटची गोष्ट ऐकून मेस्त उठून आत गेले.

त्या पावसाळ्यानंतर ते एकटेच कट्ट्याला गेले. मी बरोबर नव्हतो. जे घडलं ते त्यांनीच सांगितलं. बाईने सुकट निवडता निवडता त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. ते म्हणाले, माझ्या हातून पाप झालं, मला माफ कर. तिने मान वर केली.

"देवाकडे मागताना काय म्हणतास तुमी? 'आमची पापां माफ कर' म्हणतास मां? 'माझी' म्हणणास नाय. मगे हय एकटे कित्याक इलास?"

 मेस्त बसमध्ये बसून परत आले. "तिचां बरोबर आसा," एवढंच मला म्हणाले.

त्यानंतर सुरू झालं मेस्तांचं घरोघर फिरणं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. रोज संध्याकाळी ते एका घरी जात, ओटीवर बसत आणि म्हणत, "आपण सगळे कट्ट्याक जावया." काम काय ते सांगितलं, की घरातली माणसं कारणं सांगू लागत. कोणी म्हणे, माझी पोरं तेव्हा लहान होती. कोणी म्हणे, इतक्या वर्षांनी उकरून काय काढायचं? पास्कूने तर तोंडावरच सांगितलं, "मेस्त, तेका घरी रव म्हणान तुमीच सांगलास. आता आमका कित्याक वडतास?"

"माका धाडलो कोणी?" मेस्तांनी विचारलं.

पास्कू उठून गोठ्यात गेला.

उपासाचे दिवस संपले, सण झाला. वैशाखात रोज एकेका घराची लादीन असे. पण मेस्तांनी खुंटीवरचं व्हायोलिन काढलंच नाही. वाडीला राग आला. मेस्त अडून बसले, वाडीला धाक घालतात, असं सगळे म्हणू लागले. मीही त्यांना म्हटलं, "हा हट्ट बरा नाही."

"हट्ट नाय, मास्तर," ते म्हणाले. "हात उचलणा नाय."

मग वाडीने दुसऱ्या गावाहून एक वाजवणारा आणला. तरुण होता, फार सुरेख वाजवायचा. त्याच्या लादिनीला मेस्त मागे माडाखाली उभे राहून सगळ्यांबरोबर उत्तर देत. त्यांना कोणी पुढे बोलावलं नाही. त्या महिन्यात त्यांच्याकडे कपडे शिवायलाही फारसं कोणी आलं नाही. ज्या वाडीने एकाला बाहेर ठेवलं होतं, ती आता दुसऱ्याला ठेवत होती, आणि मेस्त ते सगळं आपल्याला मिळायलाच हवं असल्यासारखं सोसत होते. त्यांच्या जेवणातलं मीठ कमीजास्त झालेलं त्यांना कळेनासं झालं.

पहिली आली ती नातालिन. वाडीतली सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत चालणारी. मी पडवीत होतो. ती पायरीवर बसली, धाप आवरली आणि म्हणाली, "तू जातस तर मी येतंय."

मेस्तांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"पेज मीच ठेवतालंय तेका," ती म्हणाली. "रोज नाय, पण जास्ती मीच. लोक म्हणतत, नातालिनीन बरां केल्यान. पण रे, मी हाक मारूक नाय. एकदा पण नाय. हाक मारली तर तो भायर येतलो, माका तेच्याशी बोलाक लागतलां, म्हणान भांडां ठेवन पळतालंय. पेज दिलंय मी तेका. हाक दिवक नाय."

तिचे डोळे कोरडे होते. पण काठी हातातून निसटून अंगणात पडली, आणि ती उचलायला मेस्त खाली वाकले ते बराच वेळ वर उठले नाहीत.

नातालिन येते म्हटल्यावर तिच्या सुना आल्या. मग आणखी दोन-चार घरं. सगळी वाडी काही आली नाही. पण ठरलेल्या दिवशी आम्ही बसजवळ पोहोचलो, तेव्हा पास्कू आमच्या आधीच येऊन, तोंड दुसरीकडे करून उभा होता.

कट्ट्याला बाजारपेठेच्या मागे बाईची एक खोली होती. पुढच्या अंगणात चटईवर सुकट वाळत होती. एवढी माणसं आलेली बघून ती दारातच उभी राहिली. बसा म्हणाली नाही. आम्ही चटईच्या कडेने उभे राहिलो.  आधी नातालिन पुढे झाली आणि पडवीत मेस्तांना सांगितलं होतं तेच तिने सांगितलं, पेजेचं आणि हाकेचं. मग तिची एक सून बोलली. मग पास्कू म्हणाला, "तेचो खोकलो ऐकाक इलो की मी दार लावन घेतालंय." शेवटी मेस्त, तेही एकच वाक्य, "येव नको म्हणान तेका मी सांगलंय."

बाई सगळ्यांचं ऐकत होती. मला वाटलं, आता ती ओरडेल, आम्हाला हाकलून देईल. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"तुमी माका जा म्हणालात," ती म्हणाली, "आणि मी गेलंय. तो म्हणालो, 'जा, चेडवाक जप.' मी मागे वळान बघूक पण नाय. वाटला, बघलंय तर पाय निघाचो नाय. तुमका गाळी घालूक माका सोपा जाता. ह्यां मी कोणाक सांगूचां?"

नातालिन तिच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली.  म्हातारीने आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला, एवढंच.

माफ केलं, असं बाईने म्हटलं नाही. तिने चुलीवर कोरा चहा ठेवला. कप होते तीनच. मुलगी कप विसळून पुन्हा पुन्हा भरून आणत होती आणि आम्ही एकामागून एक त्याच कपांतून चहा प्यालो. मेस्तांच्या पाळीला कप पास्कूने त्यांच्या हातात दिला.

त्या वर्षी मेलेल्यांच्या दिवशी बाई मुलीला घेऊन वाडीत आली. झुजेच्या मातीवर मेणबत्त्या लावल्या. रात्री नातालिनीच्या घरी राहिली. मग सणावाराला येऊ लागली. मेस्तांनी व्हायोलिन खुंटीवरून काढलं. पण तरुण वाजवणारा चांगला होता, त्यालाच मुख्य ठेवा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पाप गेलं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "गेला नाय मास्तर. वाटून घेतला. एकट्याक उचलणा नाय."

पुढे माझी बदली कुडाळला झाली. मेस्त गेल्याची बातमी आली तेव्हा मी कट्ट्याला घरी होतो. श्रावणातला धुवाधार पाऊस. मालवणहून सकाळी कशीबशी आलेल्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं. मी छत्री घेऊन स्टँडवर धावलो. झुजेची बायको माझ्या आधीच तिथे होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी परत जाणार नव्हती. वाटेतल्या वहाळाचं पाणी पुलावरून जात होतं. आम्ही ड्रायव्हरला विनवलं. तो बिचारा वहाळाच्या दिशेने बोट दाखवी.

दुपार झाली. आता तिकडे माती देत असतील, असं माझ्या मनात आलं, तिच्याही आलं असावं. बाईने पदर डोक्यावर घेतला आणि स्टँडच्या गळक्या पत्र्याखाली उभी राहून लादीन म्हणायला सुरुवात केली. तिचा आवाज काही गाण्याचा नव्हता. एक नाव घेतलं आणि ती गप्प झाली. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. पानाच्या दुकानातल्या माणसाने रेडिओ बंद केला. मेस्तांच्या घरात इतकी वर्षं राहून शब्द माझ्या कानात बसले होते, अर्थ मात्र ठाऊक नव्हता. मी उत्तर दिलं. तिने दुसरं नाव घेतलं. दरवेळी मी अर्ध्या शब्दाने मागे पडत होतो, आणि माझं पुरं होईपर्यंत ती पुढचं नाव घेत नव्हती.