त्रेसष्ट घरांचा एक पासवर्ड

सोनाळ्याला स्टँडजवळ कलीमचं मोबाइलचं दुकान आहे. मूळ धंदा कार्डात गाणी भरून द्यायचा. पुढं कर्जमाफीचे, विम्याचे अर्ज ऑनलाइन भरायचे दिवस आले आणि सगळं गाव त्याच्या दारात उभं राहिलं. आधार, सातबारा, फोटो, जे येईल ते तो इंटरनेटवरच्या एका फुकटच्या साइटवर ठेवून द्यायचा. खातं एक, पासवर्ड एक. त्यानं कोणाला विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्याच खात्यात माझे दीर तुळशीराम यांचा आवाज होता. कार्तिकात ते देवळात काकडा म्हणत, कलीम बाहेर पायरीवर बसून ऐके. एका पहाटे त्यानं तो मोबाइलमध्ये भरून घेतला आणि खात्यात टाकला; तो मोबाइल पुढं बिघडला. पुढच्या वर्षी बीटी कपाशीवर बोंडअळी आली. येत नाही म्हणून सांगितलेली. तुळशीराम आठ दिवस औषध फवारत राहिले, मग डोळ्यांना दिसेना. अकोल्याला नेईपर्यंत गेले. वर्षभरात साइटही बंद पडली.

चार वर्षांनी ती परत सुरू झाली. तेच नाव, तोच निळा रंग. कलीमला निरोप आला, महिनाअखेरपर्यंत जुना पासवर्ड टाका, नाहीतर फाइली पुसल्या जातील.

तुळशीरामांची बायको, माझी जाऊ सत्यभामा, दुकानात जाऊन बसली. "उघड ना मंग. काऊन थांबला?"

"भाभी, नाव जुनं हाये, मालक कोन हाये मले मालूम नाही. पासवर्ड टाकला का पूर्ण गावाचे कागद त्याच्या हातात."

"कागदाचं काय लोनचं घालतं?"

"एकदा न इचारता ठेवले. आता इचारल्याबिगर हात नाही लावत. एकानंही नाही म्हटलं तं बंद."

वही घेऊन तो त्रेसष्ट घरं फिरला. भगवानराव म्हणाले, "माह्या सातबाऱ्यात गोटेच हायेत. नेऊ दे." सगळे हो म्हणत गेले. शेवटी तो माझ्याकडं आला.

माझ्या करिष्माचे कॉलेजचे कागद त्यात होते. फोटो, नंबर, पत्ता. पोरगी अकोल्यात एकटी राहते. तिच्या मैत्रिणीचा फोटो कोणी भलतीकडं टाकला, तिचं शिक्षण सुटलं. मी नाही म्हटलं. कलीमनं वही मिटली.

संध्याकाळी सत्यभामा आली. "बाई, तुमची पोरगी जित्ती हाये. माह्याजवळ त्यायचं तेवढंच व्हतं."

मी देवापुढं बसले, माळ ओढली. तरी तोंडातून हो निघालं नाही.

शेवटच्या दिवशी ती दुकानातल्या बाकावर बसून राहिली. कलीमनं मागवलेला चहा तसाच गार झाला.

"तू तं ऐकलं व्हतं," ती म्हणाली. "कसे म्हनत व्हते, म्हनून दाखव."

"मले नाही येत, भाभी."

हे कलीमनंच मला सांगितलं. आता तो कोणाचा कागद ठेवून घेत नाही, छापून हातात देतो.

त्या शेवटच्या दिवशी दिवेलागणीला सत्यभामा माझ्या दारावरून गेली. मी आत ये म्हटलं. ती थांबली नाही.