किसनच्या चालीचे नारळ

सन १९५८, कार्तिक महिना. कापसाची पहिली वेचणी चालू होती. राळेगावकडच्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं. त्या मंडळाचे किस्से पेटीवरच्या धुळीसारखे. कितीही पुसा, परत साचतात. मी दुसरी शिकलेला माणूस. जमतील तेवढे सांगतो.

किसन आमचा पेटीवाला. चाली तोच बांधायचा. त्या दिवाळीत त्यानं एका जुन्या अभंगाला अशी चाल लावली की मृदंगावरचे चंपतबुवा ठेका द्यायचं विसरले. म्हणाले, "किसन्या, माणूस तू भंगार हायेस, पण बोटं देवाची हायेत."

बोटांचं सगळ्यांना तिथंच पटलं. माणसाचं पटायला आठवडा लागला.

*

किसननं बायकोची, गिरजाची, दुभती शेळी बाजारात विकली आणि नाटक कंपनीमागं निघून गेला. शेळी तिच्या माहेरची. गिरजाच्या अंगावर दूध नव्हतं, तान्हं पोर त्या शेळीवरच होतं.

मंडळाची मीटिंग भरली. पाटील म्हणाले, "त्याची चाल गावात कोणी म्हणायची नाही. म्हणन त्याले एक नारळ दंड."

वसुली माझ्याकडे दिली. मी सूट देत नसे.

*

पहिला नारळ पाटलांचाच. बैलांना पाणी पाजताना गुणगुणत होते. मी मागं उभा.

"अबे, बैलाले म्हणून राह्यलो."

"बैलाचं मीटिंगमध्ये ठरलं नाही, पाटील."

नारळ दिला.

*

चंपतबुवांनी दोन आणले.

"एक कालचा."

"अन दुसरा?"

"आता म्हणतो. बस खाली."

मी बसलो. चाल चांगलीच होती. नारळ घेऊन उठलो.

*

एकदा वेचणीच्या बायांची अख्खी ओळ तीच चाल म्हणताना सापडली. विचारलं, सुरुवात कोणाची? सगळ्या गिरजाकडे पाहू लागल्या.

"गिरजाबाई, तुम्ही?"

"शेळी त्यानं नेली, भाऊजी. चाल त इथंच राह्यली. तिले कायले हाकलता?"

मी नारळ मागितला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो आणून दिला.

पाटलीणबाईंनी तिच्या पोरासाठी दूध पाठवलं होतं. तिनं लोटा परत केला. "फुकटचं नोको." पोर पेजेवर वाळत चाललं होतं.

*

देवळात नारळांचा ढीग झाला. चंपतबुवा म्हणाले, "हे किसन्याच्या चालीनं कमावले. म्हणजे किसन्याचे. त्याचं देणं यातूनच फिटू द्या."

गिरजाला विचारलं. तिनं ढिगाकडे पाहिलं.

"त्याचेच असन त चालन."

एका धनगराला दुभती शेळी घेऊन बोलावलं. त्यानं ढीग पाहिला. "अजून एक टाका."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गावातला प्रत्येक जण दंड भरून बसला होता. माझा एकही नव्हता.

पाटील म्हणाले, "टाक ना एक. कायले अडून राह्यला?"

"दंडाशिवाय नारळ या ढिगात पडत नाही," मी म्हणालो. "फुकटचा तिलेही चालणार नाही."

गिरजा पोर घेऊन समोरच उभी होती.

दुकानातून नारळ आणला. टोपी नीट केली. देवळाच्या पायरीवर उभा राहिलो आणि किसनची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. चंपतबुवांनी मांडीवर ठेका धरला. मग नारळ ढिगावर ठेवला.

शेळी गिरजाच्या दारात बांधली.