हंगेरीचा सरदार आणि बंद पडलेली एसटी

त्या वर्षी मला प्रार्थना जमत नव्हती. धाकटी मुलगी काविळीने गेली, त्याला अकरा महिने झाले होते. दर रविवारी सांगलीच्या आमच्या ख्रिस्ती देवळात बसायचो, पण ‘आमेन’ म्हणायची वेळ आली की तोंड मिटलेलं. पाद्रीसाहेबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी एक इंग्रजी लेख हाती दिला. धर्मसुधारणेच्या काळातल्या हंगेरीच्या एका सरदाराचा. लॅटिन न येणाऱ्या आपल्या माणसांसाठी त्याने स्तोत्रं त्यांच्या भाषेत आणली होती. म्हणाले, “याचं मराठी करा, सणाला वाचू.”

मी माधवनगरच्या गिरणीत हिशेबनीस. चूक खपत नाही. बावीस पानं तीनदा लिहिली. मग ती आमच्या मंडळीतल्या निवृत्त हेडमास्तरांकडे गेली आणि एकशे सदतीस खुणा घेऊन परत आली. ‘सरदार’वर काट, वर ‘जहागीरदार’. मी तसं केलं, तर पुढच्या खेपेला ‘जहागीरदार’वरही काट!

“अहो मास्तर, हा तुमचाच शब्द.”

“तेव्हा बरा वाटला होता.”

पुरे झालं, म्हटलं. पाद्रीसाहेब त्या आठवड्यात एका सभेसाठी कोयनानगरला होते. तिथे जाऊन कागद त्यांच्या पुढ्यात टाकायचे नि मोकळं व्हायचं.

तर पाटणच्या पुढे एसटी बंद पडली. दोन तासांत कंडक्टर चार वेळा “आत्ता व्हईल” म्हणाला. वैतागून कागद काढले आणि मास्तरांच्या खुणा पुन्हा मोजू लागलो. शेजारी कापूस पिंजायची धनुकली घेऊन एक म्हातारे पिंजारी चाचा बसले होते.

“काय मालक, कोर्टाचं हाय का?”

“नाही हो. एका सरदाराची हकिकत.”

“मग मोठ्यानं वाचा की. गाडी काय हलत न्हाई.”

वाचू लागलो. सरदार की जहागीरदार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सरदार आपल्या पोराला पुरून दुसऱ्या सकाळी पुन्हा स्तोत्र लिहायला बसतो, तिथे आलो. ते पान मी तीनदा लिहिलं होतं, एकही काना न चुकवता. मोठ्याने मात्र पहिल्यांदाच वाचत होतो. कागद मिटून मांडीवर ठेवले.

चाचांनी विचारलं, “मग देवाकडं काय मागितलं त्यानं?”

“काही नाही. पोर आता तुझ्याकडे आहे, सांभाळ, एवढंच म्हणाला.”

चाचांनी दोन्ही तळवे उघडले. “आमीन.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “आमेन.”

याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. कागद मी परत केले नाहीत. सणाला स्वतः उभा राहून वाचले. इतके महिने मी देवाकडे जाब मागत होतो. त्या दिवशी जाब मिळाला नाही, पण मुलगी मी त्याच्या हवाली केली.

गाडी एकदाची सुरू झाली आणि चाचा पुढच्या फाट्यावर उतरले. नाव विचारायचं राहून गेलं. रोजच्या प्रार्थनेत मी त्यांना ‘ते पिंजारी चाचा’ एवढंच म्हणतो. पुढचं देवाला माहीत आहे.