अर्ध्या मैलाचा श्रीरंग

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या वैशंपायनांचा श्रीरंग अर्धा मैल असा पळायचा, की दुसऱ्या शाळांचे कोचही आपली पोरं सोडून त्याच्याकडे बघत राहायचे. त्याच्या वडिलांना, प्रल्हादरावांना, त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मोटारकंपनीतल्या इंजिनिअरच्या मुलानं इंजिनिअर व्हायचं सोडून नुसतं धावत सुटायचं म्हणजे काय! "पळून पोट भरतं का रे?" असं ते जेवताना विचारत. "आय जस्ट लाइक इट, बाबा," एवढंच तो म्हणे. त्याची आई शरयू मात्र गुपचूप प्रत्येक शर्यतीला जायची आणि कुंपणाला धरून घसा बसेपर्यंत ओरडायची.

कॉलेजात त्याचं मन रमलं नाही. १९८२ साली तो सरळ अमेरिकन सैन्यात, मरीन्समध्ये भरती झाला. प्रल्हादरावांची झोप उडाली, पण ती मुलाच्या जिवाच्या काळजीनं नव्हे. महाराष्ट्र मंडळात आता काय सांगायचं, या काळजीनं. शेवटी त्यांनी ठोकून दिलं, "श्रीरंग कॅलिफोर्नियात कंप्युटर करतोय." पुढे मंडळाच्या गणपतीला तो रजेवर आला, तेव्हा त्यांनी त्याला कुर्ता घालायला लावला आणि बारीक केसांबद्दल कोणी विचारलंच तर उकाड्याचं कारण सांगायला शिकवलं. पोरगा बिचारा हसत हसत खोटं बोलला. शरयूला ते हसू बघवेना, पण तीही गप्पच राहिली.

१९८३च्या ऑक्टोबरात बैरुतला, श्रीरंगच्या तुकडीच्या तळावर, स्फोट झाला. गणवेशातले दोघे दारात दिसताच शरयूनं दार लावून घेतलं. त्यांना बोलू दिलं नाही, तर पोरगा जिवंत राहील असं तिला वाटलं.

मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. एकेक जण उठून बोलू लागला. केवढा हुशार मुलगा, कंप्युटरमध्ये केवढं नाव काढलं असतं! प्रल्हादराव मान खाली घालून ऐकत होते. शरयूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या पोराबद्दल एक तरी खरा शब्द कोणी बोलेल, एवढ्याच आशेनं ती आली होती. शेवटी तीच उभी राहिली.

"माझा मुलगा कंप्युटर शिकत नव्हता. तो सैनिक होता. आणि तो पळायचा. फार सुंदर पळायचा."

दचकलं कोणीच नाही. शेजारच्या प्रतिमा आपटेंनी तिचा हात धरून तिला हळूच खाली बसवलं.

"माहितीय गं आम्हाला सगळ्यांना. पेपरात त्याचा गणवेशातला फोटो आला होता ना. भाऊजींना ऑकवर्ड नको, म्हणून कोणी बोललं नाही, एवढंच."

मग मंडळाचे अध्यक्ष विनय गोगटे घसा खाकरत उठले, आणि श्रीरंगला लहानपणापासूनच कंप्युटरची कशी आवड होती, ते सांगू लागले.